उसनी दिलेली खुडूक कोंबडी

त्या काळात कोंबडी शिंकली की आधी शेजारीण दचकायची. कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचा नवा विषाणू आल्यापासून नियमच तसा कडक होता. एका परड्यात आजारी कोंबडी सापडली, की पथक यायचं आणि अख्ख्या गल्लीतली पाखरं पोत्यात घालून न्यायचं. तुमची, माझी, धडधाकट, आजारी, काही बघायचं नाही.

आणि गडहिंग्लजच्या आक्काताई पोवारांची ठकी दोन दिवस मान वाकडी करून न्हाणीत डालग्याखाली पडली होती. आक्काताई तिच्या चोचीत गुळाचं पाणी थेंबथेंब सोडत होती, पदराने तिचे डोळे पुसत होती, आणि कुणी विचारलं तर "खुडूक बसलीया" म्हणून दडपून खोटं बोलत होती.

पण बाईच्या जिवाला खरा घोर होता तो शेजारच्या हौसाचा. खुडूक झालेली कोंबडी शेजारणीला अंडी उबवायला उसनी द्यायची, ही त्या गल्लीची जुनीच रीत. ठकी हौसाच्या घरी अंड्यांवर बसून, पिल्लं काढून नुकतीच परत आली होती. म्हणजे हौसाच्या पिल्लांतही रोग गेला असणार! ती बिचारी तर पिल्लांना हातावर दाणे चारत होती. आक्काताईला घास गिळेना. शेवटी तिनेच पशुरोग केंद्रात फोन लावला.

डॉक्टर रुक्साना मुजावर आल्या, तशी आक्काताई दारातच हात जोडून उभी राहिली.

"मी लपवून ठिवली, चूक माझी हाय. मारायची तर माझी ठकी मारा डॉक्टरीणबाई, पण हौसाच्या पिल्लास्नी हात लावू नका."

डॉक्टरांनी ठकीच्या घशातून कापसाचा बोळा फिरवला आणि हातातल्या छोट्या यंत्रात घातला. यंत्राकडे बघताबघता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"मावशी, विषाणू आहे. पण हा आमचा आहे!"

"तुमचा? म्हंजे वो काय?"

"रोगाचाच विषाणू घेतला आणि त्याची मारायची ताकद काढून घेतली. पसरायची तेवढी ठेवली. आम्ही या लसीला वाणलस म्हणतो. हळदीकुंकवाला एकीचं वाण दुसरीकडे जातं ना, तसं. बाजारातल्या चार कोंबड्यांना दिली, पुढे त्याच एकमेकींना देत सुटल्या. सुई नाही, खर्च नाही. कोंबडी दोन दिवस मलूल होते, मग उठते आणि पुन्हा तिला मानमोडी होत नाही. तुमची ठकी म्हातारी, म्हणून जरा जास्त लोळली, एवढंच."

"आणि हौसाची पिल्लं?"

"ठकीनेच त्यांना वाचवलंय. आता पथक येणार नाही."

अगं बाई गं! आक्काताईला हसूही येत होतं आणि रडूही. तेवढ्यात डालग्याखाली खरखर झाली. ठकीने मान सरळ केली होती आणि सांडलेल्या कण्या टिपत होती. "भवाने, जीव काढलास की माझा!" म्हणत आक्काताईने तिला छातीशी धरलं. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास आला.

चहा घेताना तिने सहज डोळा चोळला. "परवापास्नं माझंबी डोळं आल्यात. जागरण झालं असंल."

डॉक्टरांचा कप वाटेतच थांबला. त्यांनी तिच्या पापणीवरून बोळा फिरवला. यंत्राने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. तीच वाणलस.

"ही तर कोंबड्यांची लस न्हवं? माणसाला कशी हुती?"

"कोंबडीकडून कधीमधी डोळ्यात जाते. पण तिथंच थांबते, माणसाकडून माणसाला जात नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "दोन दिवस डोळे लाल. बहुधा एवढंच."

"मग मागं घिऊन टाका की तुमची लस."

"सोडलेली परत घेता येत नाही, मावशी."

"आता गं! मी कोंबडी देती ती हौसानं मागितली म्हनून, आणि काम झालं की ती माघारी येती. तुम्ही कुणाला इचारलंसा?"

विचारायचं कुणाला, हा प्रश्न प्रयोगशाळेत कधी निघालाच नव्हता. कोंबड्यांना काय विचारणार?

मागच्या दारातून हौसा आली. कडेवर नातू होता.

"आक्का, ह्येचं डोळं बघ गं, रात्रीपास्नं आल्यात. घरातनं बाहेर सोडला न्हाई, कोंबड्यांजवळबी न्हाई. काल सकाळी तेवढा तुझ्याजवळ खेळला."

डॉक्टर नकळत एक पाऊल मागे सरल्या. आक्काताईने ते पाहिलं. मग ठकीला खाली सोडून तिने दोन्ही हात पुढे केले आणि पोराला घेतलं.

"काय न्हाई हुत गं," ती हौसाला म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हनत्यात, बहुधा."