खोक्यातल्या दोन पट्ट्या

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. जे समोर बसले होते, त्यांनीही ठेवलेला नाही.

रात्र नव्हती. शनिवारची भर दुपार होती. शाळेचा पहिला मजला, टोकाची संगीताची खोली, शेजारी स्वच्छतागृह. संगीताला शाळेत जागा तिथेच मिळते.

माझी बायको तिसरीला गाणं शिकवायची. कंत्राटावर. त्या दिवशी शाळेच्या संस्थेकडून आलेल्या पाहुण्यांसमोर वर्ग होता. आवडला तर नोकरी कायम, नाहीतर सोमवारपासून घरी.

मी हमाल म्हणून हजर होतो. मारिंबा उचलायला. लाकडी पट्ट्यांचं वाद्य, काठ्यांनी वाजवायचं. दोन मुलं त्यावर सावकाश ठेका धरतात, बाकीची गातात.

बायकोची एक युक्ती होती. गाण्यात नसलेल्या दोन सुरांच्या पट्ट्या ती उचलून खोक्यात ठेवायची. मूल कितीही वेंधळं असो, भलता सूर वाजणारच नाही.

मुख्याध्यापक खूश.

"वा मॅडम! नको ते काढूनच टाकायचं! आता या चार मुलांचंही तेच करा. बेसूर आहेत. उभी राहू देत, नुसते ओठ हलवू देत."

"सर, लहान आहेत हो..."

"तुमची ऑर्डर सहीला माझ्याच टेबलावर आहे, मॅडम."

हा गृहस्थ स्वतः प्रार्थना म्हणायला लागला की खिडकीवरची कबुतरं उठून जायची.

मी बायकोला म्हटलं, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिनं चौघांना समजावलं. त्यांतली सगळ्यात बुटकी मुलगी म्हणाली, "बाई, मनात गायलं तर चालेल?"

"चालेल."

गाणं सुरू झालं. गोड चाललं होतं.

आणि खोक्यातून आवाज आला...

टुंग.

खोकं बंद होतं. वर माझी पिशवी होती.

पहिल्या रांगेतल्या मुलाचा आवाज गेला. तोंड उघडत होतं, मान डोलत होती... आवाज नव्हता.

टुंग...

आणखी एक गेला.

मग रांगच्या रांग.

शेवटी मारिंबाही. काठी पट्टीवर पडत होती, पट्टी थरथरत होती...

काहीच नाही.

मला वाटलं, माझेच कान गेले. पण पंखा ऐकू येत होता. मुख्याध्यापकांची खुर्ची करकरत होती.

वर्गभर तोंडं उघडत होती, मिटत होती.

बायको पांढरीफटक. तिचे हात मात्र ताल देत राहिले.

आणि पाहुणे? अध्यक्षीणबाई डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होत्या. कशाचा, त्याच जाणोत. खजिनदार तल्लीन. घोरत नव्हते म्हणून तल्लीन म्हणायचं.

मुलांची तोंडं मिटली. टाळ्यांचा कडकडाट.

"काय शिस्त आहे!"

"एकही बेसूर नाही हो!"

मुख्याध्यापकांनी डोळे पुसले.

मुलं नेहमीसारखी कलकलाट करत बाहेर पळाली. बुटकी तेवढी दारात थांबली.

"बाई, माझं ऐकू आलं?"

बायकोनं खोक्यावरची माझी पिशवी उचलली.

मी खोकं उघडलं. दोन्ही पट्ट्या होत्या तिथेच होत्या.

हात लावला... कोमट होत्या.

नोकरी कायम झाली. बायको आता भांडी घासताना गाते. म्हणजे ओठ हलतात. नळ ऐकू येतो, भांडी ऐकू येतात...

तिला स्वतःचं गाणं ऐकू येतं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

ती वळून विचारते, "कसं झालं हो?"

मी म्हणतो, "वा! एकही सूर चुकला नाही."