बाराव्या नावाचा पत्ता

मंगला गौरीच्या गल्लीतल्या वेदपाठशाळेत अकरा यंत्रं होती: सहा संगणक, चार टॅब्लेट आणि एक प्रिंटर. अवनीनं ती दोनदा मोजली. नावांच्या सर्व्हरवर मात्र बारा नावं दिसत होती.

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून ती इथं पाठांच्या ध्वनिमुद्रणांचं काम बघायला लागली, आणि नेटवर्कही आपोआप तिच्याच गळ्यात पडलं. कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर सापडेल, एवढं सांगणं हे त्या सर्व्हरचं काम. संगणकांची नावं तिनं स्वतः हातानं लिहिली होती. ती स्टॅटिक, कोणी पुसेपर्यंत राहणारी. टॅब्लेटची डायनॅमिक. टॅब्लेट सुरू झाला की आपलं नाव आपणच कळवतो, आणि दिवसभर गप्प राहिला की सर्व्हर ते नाव गाळून टाकतो.

हे तिनं नीलकंठ गुरुजींना समजावलं तेव्हा ते पोटभर हसले होते. "अगं, हे तर तर्पण झालं! कोणी नाव घेईल तोवर आपण. मला मुलगा नाही, म्हणजे मी पहिल्याच दिवशी गळणार."

बारावं नाव नीलकंठ होतं.

गुरुजी वैशाखात गेले. अस्थी सोडायला पंचगंगा घाटावरून होडी निघाली, तीत अवनीही होती. गुरुजींच्या पत्नी पद्माकाकूंनी कलशामागोमाग चष्मा सोडला, पळी-पंचपात्र सोडलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत नीलकंठ नावानं नोंदलेला त्यांचा टॅब्लेटही सोडला. "त्यांच्या हातातलं होतं ते," एवढंच म्हणाल्या. तो तिरका होत बुडताना अवनीनं पाहिला होता.

म्हणून आता कोणीतरी दुसऱ्या यंत्राला ते नाव दिलं असणार, असं तिनं धरलं. नोंद पुसली, जेवून येते तोवर ती परत हजर. वायफाय बंद केलं, चारही टॅब्लेट कपाटात कुलपात ठेवले. नोंद आली. तिच्यातला यंत्राचा क्रमांक बुडालेल्या टॅब्लेटचाच होता. असा क्रमांक खोटा घालता येतो, हे तिला माहीत होतं. पण इथं तो घालणार कोण?

मग तिनं त्या पत्त्याला हाक पाठवून उत्तराचा वेळ मोजला. वरच्या मजल्यावरचा टॅब्लेट पाच मिलिसेकंदांत उत्तर देई. तिच्या संगणकानं स्वतःलाच हाक मारली, तर ०.०४. नीलकंठला २५६४ लागले. प्रकाशाला चंद्रावर जाऊन परत यायला साधारण इतकाच वेळ लागतो. आणि पितर चंद्रलोकात राहतात, असं गुरुजी पाठात सांगत. तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

पोरांना मात्र सुगावा लागलाच. "दीदी, गुरुजी ऑनलाइन हैं क्या? मग आज पाठ चुकवून चालायचं नाही!"

ते ऐकून पाठशाळेचे सचिव वेणीमाधवपंत तिच्या खोलीत येऊन बसले. "बिटिया, ते नाव हटव. परवा तपासणीवाले येतायत. गेलेल्या माणसाचं नाव मशीनमध्ये चालू आहे, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"पुसलं. परत येतं."

"मग कायमचं ब्लॉक कर. उद्या ते नाव दिसलं, तर तू इथं दिसायची नाहीस."

अवनीनं की-बोर्डवरचे हात काढले. "पंत, तर्पणात त्यांचं नाव कोण घेतं?"

"कोण घेणार? मुलगा नाही. भाचा इंदूरला, तो संध्यासुद्धा करत नाही."

"गुरूलाही पाणी देतात. त्यांनीच शिकवलंय."

"पोरांचे बाप जिवंत आहेत. बाप असेतोवर मुलानं तर्पण करायचं नसतं."

"माझे बाबा नाहीत."

"तू मुलगी आहेस!"

"सर्व्हरला ते कळत नाही, पंत."

तिनं नवी नोंद उघडली. नाव हातानं लिहिलं: नीलकंठ. पुढे तो पत्ता. प्रकार: स्टॅटिक. लिहिताना तिनं ते नाव मोठ्यानं म्हटलं, मुद्दाम, पंतांना ऐकू जाईल असं.

"आता हे आपोआप गळणार नाही. पासवर्ड माझ्याकडे आहे. मला काढायचं तर काढा, नाव राहील."

"वेड लागलंय तुला."

"असेल. पण मोजून तर बघू."

तिनं चार हाका पाठवल्या.

पहिलं उत्तर: २५६४.

पंत खुर्चीतून उठले. "बंद कर ते."

दुसरं: ८९०.

"नाही," अवनी म्हणाली.

तिसरं: ५.

वरच्या मजल्यावर पाठ म्हणणारी पोरं एकदम गप्प झाली. खोलीत ओल्या गाळाचा वास आला. अवनी खुर्चीतून हलली नाही.

चौथं: ०.०४.