हरवलेल्याने हलायचं नाही

विहिरीकडे निघालेली तेजल तिसऱ्या टेकडीमागे वाट चुकली आणि सवयीने तिचा हात मॅप बघायला खिशात गेला. फोन कुठला? जैसलमेरपुढच्या त्या वाळवंटी मुक्कामात शिरतानाच तो कापडी पिशवीत बांधून जमा केला होता. चार दिवस वीज नाही, पंखा नाही, फोन नाही... हौसेनं आली होती ना बाई! आता भोगा.

ती मटकन वाळूतच बसली. बऱ्याच वेळाने टेकडीवर एक तांबडी टोपी उगवली, आणि टोपीखाली एक हसरा चेहरा.

“हलला नाहीत, झकास केलंत,” तो धापा टाकत म्हणाला. “पहिल्याच दिवशी आपल्या सगळ्यांना सांगितलंय ना, हरवलेल्याने हलायचं नाही. शोधणारा येतो.”

“तुम्ही मराठी?”

“सुयोग. मुंबईचा, मढचा. आणि तू?”

“तेजल. वर्सोवा, यारी रोड.”

“अरे यार! मधे नुसती खाडी आपल्या, आणि भेटायला इथवर यायचं?”

सुयोग मढच्या बंगल्यांत शूटिंगला दिवे लावायचा. चार दिवस एकही बटण बघायचं नाही, म्हणून आला होता. मग काय, विहिरीचं पाणी दोघांनी मिळून ओढलं, चुलीच्या धुराने दोघांचे डोळे चुरचुरले. त्याने भाकरी करपवली की तिने हसायचं... आणि तो बघतोय कळलं की चुलीत फुंकर घालायची. तिला तो आवडला. खरं सांगायचं तर फार आवडला.

निघताना पिशव्या परत मिळाल्या.

“नंबर दे ना,” सुयोग म्हणाला.

“नको. नंबर दिला की ‘जेवलीस का’, ‘झोपलीस का’ सुरू होणार. मागच्या वेळी असंच झालं माझं, महिन्याभरात नुसते अंगठे पाठवत होतो एकमेकांना. त्यापेक्षा रविवारी साडेपाचला जेट्टीवर ये.”

“आणि नाही भेटलो तर?”

“तर... नाही.”

हे म्हणताना तिला स्वतःचं कोण कौतुक वाटलं होतं!

रविवारी साडेपाचला ती वर्सोव्याच्या जेट्टीवर हजर. बोटी येत होत्या, स्कूटर उतरत होत्या, टोपल्या उतरत होत्या. तो काही उतरला नाही. सहा वाजले. आधी राग आला, मग रडू. ना नंबर, ना आडनाव. शहाणपणा करायला गेली आणि वाट लावून बसली!

“कुणाची वाट बघतेस गं?” सुकट विकणाऱ्या सोनूबाईंनी शेवटी विचारलंच.

“मढच्या एका मुलाची. जेट्टीवर ये म्हटलं होतं त्याला.”

“मढचा ना? मग त्याची जेट्टी ती पलीकडची, बये!”

तेजलने कपाळाला हात लावला. पलीकडे बघितलं, तर धक्क्याच्या टोकाला एक तांबडा ठिपका. बसलेला. अजिबात न हलणारा.

“हा उठणार नाही,” ती हसत-रडत म्हणाली. “नियम पाळतोय मूर्ख! पण दोघंही हरवल्यावर शोधायचं कुणी?”

बोट सुटतच होती. ओढणी सावरत ती धावली आणि चढली.

पलीकडे सुयोग ताडकन उभा राहिला. “मला वाटलं, मीच काहीतरी चुकलोय. म्हणून हललो नाही.”

“आणि मी आले नसते तर?”

“पुढच्या रविवारी परत बसलो असतो.”

तिचा राग कुठल्या कुठे गेला. “आवडतोस तू मला,” ती म्हणाली. “हे असं समोर उभं राहून सांगायचं होतं.”

तो कानापर्यंत लाल झाला. “मला तर विहिरीपासूनच...” एवढंच कसंबसं बोलला, आणि टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली.

“आता नंबर देशील?”

“घे. पण पुढच्या रविवारी तू यायचंस शोधायला. मी माझ्या जेट्टीवर बसून राहणार... हलणार नाही.”