कुंदाच्या नावाची मूठ

"माय, तुन्हा सासरासमोर ती वांदरनी गोट काढू नको. बठ्ठं घर हाली जाई!"

जात्याचा खुंटा ओढता ओढता सासूबाईंनी, भिकुबाईंनी, हे बजावलं तेव्हा कुंदा खळखळून हसली होती... पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकून भडगावच्या शेतकरी घरात आलेली सून ती! सत्य ऐकून कधी कुणाचं घर हललंय? आज सहा वर्षांनी ते स्वतःचं हसू आठवलं, की तिला सासूचा नव्हे, स्वतःचाच संताप येतो.

त्याच वर्षी श्रावणात पाच वर्षांच्या भास्करनं विचारलं, "आई, मला देवानं केलं का गं?" कुंदानं त्याला मांडीवर घेऊन सांगितलं, की कुणी कुणाला एका दिवसात केलं नाही, लाखो वर्षं लागली, हळूहळू बदल होत गेले, आणि फार फार पूर्वी वानरांचे आणि आपले पूर्वज एकच होते. पोरानं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि ओट्यावर धावत जाऊन, मारुतीला जायला निघालेल्या आजोबांना चारचौघांत सांगितलं, "आबा, तुम्ही पण आधी वांदर होतात!"

शेजारच्या मंदाबाई पदर तोंडात कोंबून हसल्या. तोताराम आबा हसले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, कुळदेवी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायचे होते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. त्याच गव्हांचे रोट होतात आणि ते फक्त कुळातल्यांनीच खायचे. ज्याच्या नावाची मूठ नाही, तो त्या कुळाचा नाही! आबांनी स्वतःची मूठ काढली, धाकटा भाऊ धनसिंग याची काढली... आणि पोत्याचं तोंड बांधलं.

"अहो, लीलाधरनी ऱ्हायनी, भास्करनी ऱ्हायनी," भिकुबाई घाबरून म्हणाल्या.

"ज्यासना मूळपुरुष झाडवर राहे, त्यासना नावनी मूठ मी कोठून काढू?"

कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं. लीलाधर मॅट्रिक झालेला, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवणारा! पण तो खालमानेनं सुपातले खडे वेचत राहिला. एक शब्द, एकच शब्द त्यानं बोलावा म्हणून तिचा जीव तळमळत होता... आणि त्याला खडे सापडतच राहिले!

"कानबाईसमोर हात जोड," आबा देवघरात कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाकडे बोट दाखवून कुंदाला म्हणाले, "आनि सांग, मी बोलनी ते बठ्ठं खोटं शे. मंग मूठ काढस."

ती बोलणार नव्हती. शपथेवर बोलणार नव्हती! इतक्यात भास्कर पुढे झाला, आपली इवलीशी मूठ आबांसमोर धरून म्हणाला, "आबा, माझी एवढीच घ्या ना... मोठी नको."

 कुंदानं त्या नारळापुढे हात जोडले. "मी बोलले ते... सगळं खोटं आहे."

गहू मोजले गेले. रोट झाले.  आकृत्यांच्या वह्या कुंदानं पत्र्याच्या ट्रंकेत घातल्या, कुलूप लावलं. जळगावच्या एका मुलींच्या शाळेकडून नोकरीची विचारणा आली होती, त्यांना नकार कळवला. शिकवणार काय? देवासमोर खोटं ठरवलं तेच? लीलाधर समजूत घालायला आला, "अगं, दशावतारात मासा, कासव आहेतच की. हे तेच आहे असं आबांना सांगून टाक, म्हणजे मिटलं."

"ते तेच नाही!" ती तडकून म्हणाली. "एक खोटं पुरलं नाही का तुम्हाला?"

पुढच्याच वर्षी लीलाधरला धुळ्यात कारकुनी मिळाली. भिकुबाई वारल्या. आबा शेत सोडून यायला तयार नव्हते. सून-सासऱ्यांत इतक्या वर्षांत पाणी देऊ का, जेवायला वाढू का, यापलीकडे शब्द नव्हता.

एक्केचाळीसच्या श्रावणात ती रोटांसाठी भडगावला गेली, तेव्हा आबांनी तिला आत हाक मारली. आढ्याला बियाण्याची दादर ज्वारी टांगलेली होती. त्यातलं एक कणीस त्यांनी तिच्या हातात दिलं.

"मन्हा बापना वखतले कणीस याना निम्मं राहे. दर साली मी चांगलं चांगलं निवडं, तेच पेरं... दादर बदलनी, कुंदा. मन्हा डोयासमोर बदलनी! मंग देव बी असाच निवडत व्हई ना?"

"आबा, तिथं निवडणारं कुणी लागत नाही. ऊन, दुष्काळ, कीड... यातून जे तगतं, त्याचंच बी पुढं जातं."

"आनि ऊन कोनी पाडं?"

पुन्हा तेच! चार वर्षांचा कोंडलेला संताप तिच्या ओठांवर आला. "आबा, तुम्ही माझं कधी ऐकूनच..."

त्यांनी हात वर केला.  "तुन्हं मी मानत नही. मरेपर्यंत मानाव नही. पन त्या दिन तू देवीसमोर खोटं बोलनी, मले तवाच समजनं... आनि बोलाले मी लावं. ते पाप तुन्हं नही, माय. मन्हं शे."

हातातलं कणीस उराशी धरून कुंदा हुंदके देत राहिली. तिला हरवायचं होतं या माणसाला! आणि तो न हरता, तसूभरही न बदलता, तिच्यापुढे वाकून उभा होता...

मग गहू मोजायला बसले. स्वतःची मूठ, धनसिंगची, लीलाधरची, भास्करची. आणि आबांनी पुन्हा पोत्यात हात घातला. "कुंदा."

"आबा, बाईना नावनी मूठ?" मंदाबाईंनी दारातूनच विचारलं.

"देवीसमोर खोटं बोलाले ती चालनी. मूठले का चालाव नही?"

 फक्त कुंदाच्या लक्षात आलं, की तिच्या नावाच्या त्या मुठीत गव्हाबरोबर चार खडेही आले होते. आबांना ते दिसले नव्हते.

आता फाल्गुन आहे. लीलाधर बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला. शेवटी तो बोलला, पण घरात नव्हे, चौकात! कुंदा वीस दिवसांच्या लेकीला घेऊन धुळ्यात अडकली आहे. गावच्या मास्तरांकडून आबा दरमहा पत्र लिहून घेत. पौषापासून पत्र नाही. धनसिंगकाकाही वर्षापूर्वी वारले. तिकडे दादर कापणीला आली असेल.

वाचकहो, गिरणेकाठानं तुमचं कधी जाणं झालं, तर भडगावला थोडं थांबा. तोताराम आबांचा ओटा कुणीही दाखवेल. त्यांना विचारा, यंदाचं बियाणं निवडलं का? ते हो म्हणतील. त्या 'हो'वर जाऊ नका, मुठीतले खडेही त्यांना दिसत नाहीत. त्यांनी बाजूला काढलेलं एक कणीस हातात घ्या आणि दाणे भरलेत की पोचट आहेत, ते तुम्ही स्वतः बघा... आणि धुळ्याला कुंदाला कळवा.