सहावी बाटली

टेबलावर सहा बाटल्यांचे निकाल होते. पाचांत जंतू दहाच्या आत. सहाव्या बाटलीत सोळा हजार. मर्यादा एक हजाराची.

सहाही बाटल्या एकाच सकाळी, एकाच पाइपाच्या तोंडाशी भरल्या होत्या. बोरकुंडी नगरपरिषदेच्या प्रकल्पातलं शुद्ध केलेलं सांडपाणी तिथं नदीत पडतं. नगरपरिषद आणि खालच्या गावाची समिती मिळून ही तपासणी करत होती.

सहावी बाटली मासेमार छगनने भरली होती. तोच आता धुळ्यात, खासगी तपासनीस भूमिकाच्या कचेरीत बसला होता.

"मी गटाराचं पाणी भरलं म्हणतात. बठ्ठं गाव मले हासी ऱ्हायनं, ताई. परवाच्या बैठकीत समितीच मोडतील. मग नदीकडं कोण बघील?"

"बाटली धुतली होतीस?"

"कोकिळाअक्कानं पाच धुतल्या. मी उशिरा पोचलो, तशीच भरली."

"सापडला चोर!" भूमिकाचा सहकारी ललित म्हणाला. "न धुतलेली बाटली. आळस नडला."

भूमिका हसली. दुसऱ्या दिवशी येत असल्याचं तिने प्रकल्पावर कळवलं.

समितीतल्या कोकिळाअक्का ठाम होत्या. "तळाशी पांढरा चुरा होता. भांडं विसळल्याबिगर पाणी कसं भरायचं? पाहुण्याला द्या, नाहीतर साहेबाला."

प्रकल्पावर पितांबर एकटाच कामाला होता. खाकी पँटवर गुडघ्याखाली फिके डाग.

"जुनी पँट?"

"दिवाळीची शे, ताई." तो ओशाळला. "इथं औषध-बिवषध लागत नाही. पाणी निळ्या दिव्यांखालून जातं, जंतू मरतात."

"दिवे बघू?"

"खोलीची किल्ली इंजिनियर मॅडमकडे."

पाइपाशी ललितने वाकून वास घेतला. "घाण कसली? आमच्या सोसायटीच्या टाकीसारखा वास येतोय."

बैठकीत नगरपरिषदेच्या अभियंता दिपमाला यांनी विचारलं, "मग खोटी बाटली कोणती?"

"पाच," भूमिका म्हणाली. "अक्कांनी विसळल्या त्या."

"अगं बाई!" अक्का उठल्याच.

"तो चुरा प्रयोगशाळाच घालते. पाण्यात क्लोरीन असलं तर चुऱ्यानं त्याचं काम तिथल्या तिथं थांबतं. चुरा गेला, आणि क्लोरीन जळगावच्या प्रयोगशाळेपर्यंत जंतू मारत राहिलं. छगनच्या बाटलीत चुरा होता. पाणी भरताना जसं होतं तसं पोचलं."

"आमच्याकडे क्लोरीन वापरतच नाहीत," दिपमाला म्हणाल्या.

"ललित, सोसायटीच्या टाकीत काय टाकतात?"

"टीसीएल पावडर... अरे, म्हणजे क्लोरीनच!" ललित म्हणाला.

"तिने कपड्यांचा रंगही उडतो. दिवाळीच्या पँटचासुद्धा. पितांबरभाऊ, आम्ही येणार म्हणून कालही टाकलीत ना?"

पितांबरने पँटवरच्या डागांवर हात ठेवला. "दिवे बंद शेत, ताई. दोनदा सांगितलं, कोणी आलं नाही. निकाल बिघडला तर पहिला मीच घरी जाणार. म्हणून तपासणीच्या दिवशी पावडर टाकायचो."

दिपमालांनी किल्ली टेबलावर ठेवली. "मला सांगितलं होतं यांनी. नवे दिवे मागवते. समिती मोडणार नाही. पुढच्या बाटल्या छगनभाऊंनी भराव्यात."

"धुऊ का?" छगनने अक्कांकडे बघत विचारलं.

"हात लावून तर बघ!"

त्याच आठवड्यात, पावडर न टाकता, सहा बाटल्या: सर्वांत कमी संख्या एकवीस हजार.

नवे दिवे बसल्यावर, पुन्हा सहा: सर्वांत जास्त संख्या दोनशे दहा.