चिकटलेली दोन पानं

"अहो, ओढू नका!"

मी दचकलेच. कोणीतरी माझं मनगट धरलं होतं. मान वर केली, तर समोर ॲप्रन घातलेला एक उंच तरुण. बोटांना खळ लागलेली, आणि चेहरा असा की जणू मी कोणाचा गळाच घोटत होते.

"दोन पानं चिकटलीयत. ओढलीत तर दोन्ही फाटतील."

"आणि माझं मनगट?"

त्यानं झटकन हात सोडला… कानांपर्यंत लाल झाला.

जुन्या नोंदींच्या त्या कार्यालयात तो बाइंडर होता. जन्ममृत्यूच्या जीर्ण वह्या दुरुस्त करायचा. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासणारी. बाबा दोन महिन्यांनी शाळेतून निवृत्त होणार होते; त्यांच्या नकळत आमची वंशावळ लिहून त्यांना द्यायची, असं मी ठरवलं होतं. पण आजोबांच्या मागचं काहीच ठाऊक नव्हतं. पणजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, एवढंच ऐकून होते.

"वाफेवर सोडवतो," तो म्हणाला. "घाई केली तर शाई जाईल. पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारी पानं सुटली नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. तोवर आम्ही जिन्यात बसून चहा प्यायलो, दोघांचं आडनाव एकच निघालं म्हणून हसलो — ते तर पैशाला पासरी! — आणि एकदा तो दुकानात डोळे तपासायला आला.

"खालची ओळ वाचा."

"दिसत नाहीये."

"का?"

"तुम्ही मध्ये उभ्या आहात."

पाचव्या शनिवारी मात्र तो हसला नाही. सुटलेलं पान मुकाट्यानं समोर ठेवलं. पणजोबा सापडले! नाव, पुढे 'घड्याळजी', खाली थोरला मुलगा — माझे आजोबा. मी टाळीच वाजवणार होते.

"धाकट्याचं नाव वाचा," तो कोरड्या आवाजात म्हणाला. "ते माझे आजोबा."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. त्याचे वडील आणि माझे बाबा चुलत भाऊ. म्हणजे हा माझा भाऊ!

"पानं तशीच चिकटलेली ठेवता आली असती," तो म्हणाला. "चार दिवस तोच विचार करत होतो."

"मग का नाही ठेवलीत?"

"तुम्ही ज्यासाठी येत होतात तेच लपवून, तुमच्याशी कोणत्या तोंडानं बोललो असतो?"

मी पर्स उचलली आणि तिथून पळालेच.

घरी बाबा मुलांच्या वह्या तपासत बसले होते. "काय गं, काय झालं?" एवढं त्यांनी विचारायचा अवकाश, मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. वंशावळ, बाइंडर, चुलत आजोबा… सगळं.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो तुझा कोणी लागत नाही," ते म्हणाले.

"बाबा, मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय!"

"ते खरंच आहे. पण मी… मी तुझ्या आजोबांचा पोटचा मुलगा नाही. शेजारच्या खोलीतलं जोडपं तापाच्या साथीत गेलं. मागे दोन वर्षांचा मी. आजोबांनी मला उचलून घरी आणलं."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलायचं म्हणजे त्यांना परकं म्हणायचं. ते जमलं नाही गं."

आम्ही दोघंही रडलो. ज्यांच्या मांडीवर वाढले, त्यांच्या रक्ताची मी नव्हतेच. आणि तरीही मनात कुठेतरी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लाज वाटली मला माझीच. बाबांनी बरोबर ओळखलं.

"रडतेयस की हसतेयस? जा, सांग त्याला. बिचारा तिकडे जीव टांगणीला लावून बसला असेल."

सोमवारी दुकानाला दांडी मारून मी कार्यालय गाठलं. तो एका वहीला शिवण घालत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याची सुई हवेतच थांबली.

"म्हणजे… आपण एकमेकांचे कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"नक्की?"

"बाबांची शपथ!"

तो स्टुलावर धपकन बसला. मग हळूच म्हणाला, "मग… आता एकमेकांचं कोणीतरी व्हायचं का?"

"कोण?" मी मुद्दामच विचारलं.

"तू आधी हो म्हण. कोण ते नंतर ठरवू."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता.

मी हो म्हणाले.