दीड लाखाचा उशीर

मंठा रोडवरच्या त्या रो-हाउसची किल्ली एकच होती आणि बघायला माणसं दोन. दवाखान्यातली ड्यूटी संपवून मी धावत आले, तर एक उंच माणूस माझ्याआधी कुलूप उघडून उभा!

“या मॅडम... आपलंच घर समजा,” तो म्हणाला. राजानंद, राजूरच्या शाळेत गणिताचे सर.

मला हसू आलं, ते मी दाबलं. आईनं आणि मी मस्तगड भागात भाड्याची नऊ घरं बदलली होती. दहावं स्वतःचं हवं, एवढंच मला कळत होतं.

“देऊन टाकू का सर इसार आजच?”

“एवढी जल्दी कशाला? व्याजदर उतरून राह्यलेत. थोडं थांबा.”

“अन् भाव थांबतेत का मंग?”

“मला पण घ्यायचंच हाये की... दोघं मिळून थांबू.”

गणिताचे सर, म्हणून मी ऐकलं. मग दर रविवारी किल्ली मागून आणायची, रिकाम्या ओट्यावर बसून चहा प्यायचा. तो हप्त्यांची आकडेमोड करायचा, मी त्याची बोटं बघायची. खोटं कशाला बोलू — मला रविवारची ओढ लागली होती.

सहा महिन्यांत व्याज अर्ध्या टक्क्यानं उतरलं आणि घर दीड लाखानं चढलं. दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हटल्यावर मी त्याला न विचारता इसार देऊन टाकला. रविवारी त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले.

“सर, घर मी घेतलं. तुमचं... राहिलं.”

त्यानं हातातली किल्ली ओट्यावर ठेवली.

“मला घ्यायचंच नव्हतं, अक्षता. त्या दिवशी मित्रासाठी बघायला आल्तो. तुम्ही तेव्हाच इसार दिला असता तर... परत भेटल्या नसत्या.”

दीड लाख म्हणजे माझे सहा पगार.

“फसवलं तुम्ही मला!” मी ओरडलेच. त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो उठून जाईल या भीतीनं जीवही जात होता.

“व्हय. दीड लाख मी देतो. मंग तोंड न्हाई दाखवत.” तो दारापर्यंत गेला.

“घेईन मी पैसे,” डोळे पुसत मी म्हणाले. “एक रुपया न्हाई सोडणार.”

“बिलकुल.”

“पण द्यायला घरी या. कशापायी देऊन राह्यले, ते आईला तुम्हीच सांगायचं. सगळं.”

तो वळला. “सगळं...?”

“माझ्यावर जीव जडलाय, ते पण.”